ईशान्येचा खांब

आमच्या सरांना बारामतीत लोक माघारी ‘मातीवाले सायेब’ म्हणायचे. आर्किटेक्टकडं माणूस येतो तो वरचं बघायला. गच्चीला कठडा कसला, पुढचे खांब गोल की चौकोनी, पोर्चमध्ये गाडी मावते का. सर मात्र आलेल्या माणसाला पाणी दिलं की पहिला प्रश्न विचारायचे, "जागेत आधी काय होतं?" माणूस म्हणायचा, "ऊस हुता, अजून काय असणार?" मग उसाच्या आधी काय होतं, पाट कुठून जायचा, शेजारचं रान उंच की सखल, अशी उलटतपासणी चालायची. समोरच्यानं मोबाईलवर दुबईतल्या बंगल्याचा फोटो काढून ठेवलेला असायचा, तो दाखवायची त्याला संधीच मिळायची नाही. निम्मी गिऱ्हाइकं पहिल्या भेटीनंतर परत यायची नाहीत. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा मला वाटायचं, हा माणूस उपाशी मरणार आणि मलाही मारणार.

मी निरवांगीची. शिक्षण पुण्यात झालं, पण पुण्यात नोकरी करण्याइतकी सहनशक्ती देवानं मला दिली नाही, म्हणून बारामतीला आले. सरांचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. भिंतीवर एकच फोटो होता, कडक कॉलरच्या एका मिशाळ गोऱ्या माणसाचा. हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा कुणी अमेरिकन आर्किटेक्ट. त्याचं शहर मोठ्या तळ्याकाठी, जमीन म्हणजे नुसता चिखल, आणि त्या चिखलावर यानं दहा-दहा मजले चढवलेले. सर त्याच्याविषयी असं बोलायचे की जणू तो इंदापुरात राहतो आणि बाजारच्या दिवशी भेटतो. मी चेष्टा करायची, "सर, तुमच्या मावसभावाची काही खुशाली?" ते हसायचे आणि पुन्हा तेच सांगायचे. "बुडणार हे धरूनच बांधलं गं त्यानं. इमारत खचतेच. सगळीकडून सारखी खचली तर कुणाला कळत नाही. एका कोपऱ्यानं खचली की संपलं."

सरांचं दुसरं वेड म्हणजे त्यांना वास्तुशास्त्र चालायचं नाही. ईशान्य-आग्नेय करणारा आला की ते हात जोडून त्याला जिना दाखवायचे. "माणसाला कारण सांगावं. भीती घालून काम करून घेऊ नये," असं म्हणायचे. या एका वाक्यापायी किती कामं गेली, त्याचा हिशोब मी कधी केला नाही. पण त्यांच्या नंतर धंद्यात आलेल्यांची तीन-तीन मजली ऑफिसं झाली आणि सर त्या हार्डवेअरच्या दुकानावरच राहिले. मी त्यांच्यावर चिडायची आणि त्यांच्याच हाताखाली राहायची. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मला राहवलं नसतं.

अशात निमगाव केतकीकडचे एक तात्या आले. बागायतदार, सोसायटीत वजन, रस्त्याला लागून जमीन. त्यांना मंगल कार्यालय बांधायचं होतं. मोठा हॉल, मधे एकही खांब नको, आणि पहिलं लग्न स्वतःच्या एकुलत्या मुलीचं. सरांची सत्तरी जवळ आली होती. आयुष्यभर बंगले आणि पतसंस्थांच्या शाखा बांधलेल्या माणसाला शेवटी एक मोठं काम मिळत होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन पेढे आणले. मला फार बरं वाटलं होतं.

जागा बघायला गेलो तर तात्यांनी आमच्याआधीच जेसीबी आणून चाचणीचे खड्डे घेऊन ठेवले होते. तीन कोपऱ्यांत खणलेलं, चौथ्यात नाही. सर म्हणाले, "ईशान्येला का नाही?"

"तितं पाइपलाइन हाय सायेब, फुटंल. जरा आत खणून दावतो."

आत खणलं. घट्ट, पिवळसर मुरूम लागला. सरांनी तो हातात घेऊन चुरला, हुंगला. "आधी काय होतं इथं?" त्यांनी विचारलं.

"ऊस," तात्या म्हणाले. मागं गावातली पाच-सहा माणसं उभी होती. सगळी एकदम गप्प झाली आणि एकानं उगाचच तंबाखू मळायला घेतली. आता मला ते गप्प होणं आठवतं, तेव्हा नुसतं ऊन लागत होतं.

पुढं पायाच्या खड्ड्यांतही मुरूमच लागला. काम उभं राहायला लागलं. मी आठवड्यातून दोनदा जायची. तात्यांची आई, वाकलेली, बारीक म्हातारी, अधूनमधून साइटवर यायची. ईशान्येच्या खांबाच्या बुडाशी हळदकुंकू वाहायची, हिरवा खण ठेवायची, हिरव्या बांगड्या ठेवायची आणि कुणाशी न बोलता निघून जायची. मी मनात म्हटलं, ईशान्य म्हणजे देवाचा कोपरा, म्हातारीला कुणीतरी वास्तुवाल्यानं सांगितलं असणार. सरांना दाखवलं तर ते तोंड वाकडं करून म्हणाले, "राहू दे, खांबाला काय त्रास होतोय?"

त्रास पावसाळ्यानंतर सुरू झाला. ईशान्येच्या भिंतीला एक तिरकी भेग आली. तात्या म्हणाले, "प्लास्टर सुटतंय, दुसरं काय." सरांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भेग नुसती प्लास्टरची असेल तर काच तशीच राहते. आतून काही हलत असेल तर तडकते. पुढच्या खेपेला गेलो तर काचेचे दोन तुकडे झाले होते. दुसरी लावली, तीही गेली. परत येताना सरांनी गाडीतच पायाचे नकाशे उघडून मांडीवर घेतले. 

मग एका अमावास्येला मी एकटीच गेले होते. दुपारची वेळ, सेंट्रिंगवाले जेवायला गेलेले. म्हातारी खांबाशी बसली होती. तिनं कुंकवाची सात बोटं ओढली, दहीभाताचे सात मुटके मांडले, खण उलगडला. मी बघत उभी राहिले. सात बोटं, सात मुटके, हिरवा खण! ही वास्तूची पूजा नव्हतीच. आमच्या निरवांगीच्या विहिरीवर माझी आई हेच करायची. बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडली की हेच करते. ही साती आसरांची, पाण्यातल्या सात देवींची ओटी. आणि आसरा पाण्यात असतात. कोरड्या जागी त्यांची ओटी कोण भरतं?

मी तिच्याजवळ उकिडवी बसले. "आजी, इथं विहीर होती का?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मुटके नीट करत राहिली. मग म्हणाली, "हुती न्हाय बाय. हाय. वरनं झाकलीया नुस्ती." थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखी पुढं म्हणाली, "भरल्या पान्याची बुजवली. उजनी धरणाचं पानी आलं, पोरगं म्हनलं आता कशापायी हिर. म्या पाया पडली, बुजवू नगा. कोण ऐकतं म्हातारीचं."

आमच्याकडं विहीर बुजवणं हे पाप. बुजवणारा ते लपून बुजवतो आणि ज्यांना माहीत असतं ते त्याविषयी बोलत नाहीत. बोललं तर त्यातलं थोडं आपल्याला लागतं. म्हातारीकडून कळलं, तात्यांनी खाली उसाचं पाचट, राडारोडा, जे मिळेल ते टाकलं होतं आणि वर जाड थर चांगल्या मुरमाचा देऊन रोलर फिरवला होता. आम्ही खणलं तो हाच मुरूम. गावातल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. त्या दिवशी तंबाखू मळणाऱ्यालाही.

सर तात्यांकडं गेले, मी बरोबर होते. सरांनी आवाज न चढवता सगळं सांगितलं. खांबाचा अर्धा पाया खऱ्या जमिनीवर आहे, अर्धा कुजणाऱ्या पाचटावर. मधे खांब नसल्यामुळं त्या कोपऱ्यावर छताचा फार भार येतो. "तो कोपरा टेकू देऊन उचलू, खाली खणून पाया खऱ्या जमिनीपर्यंत नेऊ. तोवर हॉल सुरू करू नका," असं म्हणाले.

तात्या कितीतरी वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत बसले. "खणलं म्हंजी हिर दिसंल," ते म्हणाले. "बुजवल्याली हिर निघाली तर हितं एक लगीन हुयाचं न्हाय सायेब. कोण आपली पोरगी आणंल अशा जाग्यावर? माझी मलाच देता यायची न्हाय."

"आणि छत बसलं तर?"

"बसायचं आसतं तर बसलं आसतं की."

सरांनी आपलं नाव कामातून काढून घेतलं, सरकारी कचेरीत तक्रार दिली. त्याआधीच कुणा दुसऱ्या इंजिनिअरनं सगळं ठीक असल्याची सही दिलेली होती. तक्रारीचं काय झालं ते विचारायला मी इतक्या वेळा गेले की शिपाई मला बघून पंखा लावायचा. भेगेवर पीओपीची वेलबुट्टी चढली आणि साखरपुड्याची तारीख निघाली. लग्नाला हजार-दीड हजार माणूस त्या छताखाली बसणार होतं.

साखरपुड्याला आम्हाला आमंत्रण नव्हतं. सर तरी गेले, मी गाडी चालवली. हॉलमध्ये शे-दोनशे माणसं, झेंडूची तोरणं, ईशान्येच्या कोपऱ्यात बायकांची बैठक. सरांनी नवऱ्या मुलाच्या वडलांना बाजूला घेतलं आणि समजावलं, जसं ते आयुष्यभर सगळ्यांना समजावत आले तसं. पाया, भराव, भेग. त्या गृहस्थांनी वर छताकडं बघितलं, झुंबर बघितलं आणि म्हणाले, "चांगला तर हाय की हॉल." त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि जेवून जायला सांगितलं.

मी सरांचा चेहरा बघत होते. तो मला आयुष्यभर विसरता येणार नाही. चाळीस वर्षं भीतीच्या ज्या दारावर त्यांनी थाप मारली नव्हती ते दार त्यांच्यासमोर होतं. ते बायकांच्या बैठकीकडं गेले, नवऱ्या मुलाच्या आजीसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजी, तुम्ही बसलात त्या कोपऱ्याखाली भरल्या पाण्याची बुजवलेली विहीर आहे. आसरा खाली आहेत. या घरची म्हातारी दर अमावास्येला ओटी भरते, विचारा तिला."

कुणी ओरडलं नाही. आजीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून उठली आणि दाराकडं चालू लागली. तिच्यामागं एकेक बाई उठली. लहान पोरं उचलली गेली. पुरुष एकमेकांकडं बघत राहिले आणि मग तेही निघाले. पाचेक मिनिटांत हॉलमध्ये फक्त खुर्च्या, झेंडू आणि तात्या उरले. मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

तात्या सरांच्या अंगावर धावून आले नाहीत. नुसतं म्हणाले, "मला तोंडघशी पाडलंत सायेब. आनि तुमीबी आता पैलं सायेब राह्यला न्हाय."

मुलीचं लग्न दुसऱ्या कार्यालयात नीट पार पडलं. हा हॉल बंद पडला. पण तात्यांचं बोलणं खरं झालं. गावोगाव बातमी गेली की बारामतीच्या म्हाताऱ्या सायबांना जमिनीखालच्या आसरा दिसतात. ऑफिसात कधी नव्हती इतकी गर्दी व्हायला लागली. नारळ घेऊन लोक यायचे. "सायेब, आमच्या जाग्यात काय हाय का, बघून सांगा." सर म्हणायचे, खणून माती तपासा. लोक हसायचे, मोठी माणसं असंच बोलतात, म्हणायचे आणि नारळ ठेवून जायचे. एक दिवस सरांनी त्या अमेरिकन माणसाचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला.  काही आठवड्यांनी त्यांनी ऑफिस माझ्या हवाली केलं.

दुसऱ्या वर्षी ऊसतोड सुरू झाली आणि मला निमगावहून ओळखीच्या सेंट्रिंगवाल्याचा फोन आला. "म्याडम, तात्याच्या हालात टोळी उतरवलीया." ऊसतोडणीची टोळी म्हणजे बीडकडून आलेली वीस-पंचवीस माणसं, बायका, लेकरं. एरवी ती रानात पाचटाच्या कोपीत राहतात. त्या वर्षी मुकादमानं त्यांना पक्क्या छपराखाली ठेवलं होतं. रिकामा हॉल पडूनच होता.

मी सरांना घेऊन निघाले. रस्ताभर ते म्हणत होते, "मी सांगितलं होतं ना. सगळ्यांना सांगितलं होतं." सांगितलं होतंच. पण काय सांगितलं होतं, ते आम्हाला दोघांनाही कळत होतं.

सकाळची वेळ, बरीचशी माणसं फडात गेलेली. हॉलमध्ये चुली, गाठोडी, दोरीवर कपडे. पीओपीची वेलबुट्टी फुटून भेग परत वर आली होती, आता तिच्यात बोट जाईल इतकी. आणि ईशान्येच्या खांबाच्या हुकाला कुणीतरी लुगड्याची झोळी बांधली होती. झोळीत तान्हं मूल. आई, विशीतली पोरगी, पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढत भाकरी थापत होती.

सर म्हणाले, "बाई, हे मूल इथून काढ. हा खांब खचतोय."

"व्हय, खाली हिर हाय," ती हात न थांबवता म्हणाली. "मालकानं सांगितलंय की. त्यांनीच ब्राम्हण आणून शांती केली, आमी बायांनी समद्यांनी ओटी भरली. आता काय भ्या न्हाई."

 मला रडूच यायला लागलं होतं. आसरांची शांती करता येते. एक खण, सात मुटके, झालं. सरांनी गावाला जी भीती दिली होती तिच्यावर गावाजवळ उपाय होता, आणि ज्याच्यावर उपाय नव्हता ते त्या दिवशी त्यांनी बोलायचं सोडून दिलं होतं.

सरांनी पुढं होऊन झोळीतलं मूल उचललं आणि छातीशी धरून ते चालू लागले. सत्तरी ओलांडलेला, गुडघे दुखणारा माणूस, दारातून बाहेर, अंगण ओलांडून थेट बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसला. पोरगी किंचाळत मागं धावली. फडातून कोयते घेऊन माणसं आली. "पोरं पळवतोय" असा कालवा झाला. एकानं सरांच्या थोबाडीत मारली, चष्मा उसाच्या सरीत जाऊन पडला. मी मधे पडले, मलाही धक्के बसले. सरांनी मूल सोडलं नाही. ते हातपाय झाडत रडत होतं आणि सर त्याला गप्प करत होते.

शेवटी आईच पुढं आली. तिनं मूल घेतलं, पदराखाली धरलं आणि सरांसमोर बसली. "खरं सांगा आबा. पडंल का?"

"पडेल."

"कवा?"

सरांनी हॉलकडं बघितलं. "माहीत नाही," ते म्हणाले. "उद्या, नाही तर दहा वर्षांनी. मला सांगता येत नाही."

"मंग कशापायी उचललं?"

"सांगता येत नाही म्हणूनच."

ती पोरगी उठली, हॉलमध्ये गेली, झोळी सोडून घेऊन आली आणि बांधावर आपली कोपी घालायला लागली. बाकीची टोळी शिव्या देत छपराखाली परत गेली. मुकादमानं आम्हाला पोलिसांची धमकी देऊन हाकललं. त्या हंगामात हॉल पडला नाही. म्हाताऱ्याला वेड लागलं, असं सगळ्या तालुक्यात झालं.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. शोकसभेत तीन जणांनी भाषण केलं आणि तिघांनीही सरांना जमिनीखालचं दिसायचं, असं सांगितलं. त्यांनी बांधलेल्या एकाही घराचं नाव कुणी घेतलं नाही. मी मागं बसले होते. उठून ओरडावंसं वाटत होतं, पण सरांच्या घरच्यांकडं बघून गप्प राहिले.

हॉल अजून उभा आहे. यंदा त्याला फिक्या गुलाबी रंगाचा हात दिला आहे. काल टोळी उतरली, मी दुपारी जाऊन बघून आले. ईशान्येच्या खांबाला दोन झोळ्या बांधल्या आहेत. मी काल त्या बायांना पाया, भराव, भेग, सगळं नीट, कारणांसह समजावलं. त्या हसल्या, मला चहा दिला. आज पुन्हा जाते आहे. आज बोलणार नाही, सरळ झोळ्यांना हात घालणार.